उभे राहिलेले पाणी

दाढीच्या साबणाची वडी कोरडी असताना तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. डबीत घट्ट बसलेली, वापरून वापरून मधोमध खोलगट झालेली, कडेला आदल्या दिवशीच्या फेसाची वाळकी किनार धरलेली ती मेणचट, पांढुरकी चकती बोटाने चोळली तरी फारसे काही देत नाही. अंगाचा साबण ओल्या हातात आला की लगेच बोलू लागतो. ही मात्र मितभाषी. आणि तरीही भिजवलेला ब्रश तिच्यावर टेकवून मनगट फिरवायला घ्यावे, पाहता पाहता त्या एवढ्याशा चकतीतून ओंजळ भरेल इतका दाट, ओला, उजळ फेस वर यावा, आणि इतके देऊनही वडी तसूभर झिजलेली दिसू नये, हा प्रकार रोज सकाळी इतक्या सवयीने घडतो की त्याच्याकडे लक्ष देण्याचे आपल्याला सुचतच नाही. आज घाई बाजूला ठेवून आपण तो फेस घडताना पाहू.

पाहायला सुरुवात ब्रशापासून करावी, कारण पाणी आत येते ते त्याच्या वाटेने. डुकराच्या राठ केसांचा ब्रश असेल तर आंघोळ आटपेपर्यंत त्याला पाण्याच्या मगात बुडवून ठेवावे. हे केस नुसते ओले होत नाहीत, पाणी पितात, आणि प्याल्यावर मवाळ होतात. नवा असताना हाच ब्रश गालाला टोचतो, त्याला जनावराचा वास येतो, केलेला फेस तो स्वतःच गिळून बसतो. पण काही आठवडे नेमाने वापरला की एकेका केसाचे टोक दुभंगत जाते, आणि मुळाशी ताठ, टोकाशी मृदू असा दुपेडी स्वभाव त्याला लाभतो. बॅजरचे केस पहिल्या दिवसापासूनच मऊ, आणि पाणी साठवण्यात उदार. कृत्रिम तंतूंच्या ब्रशाला तर भिजत घालण्याचीही गरज नाही. त्याच्या तंतूंत पाणी शिरत नाही, मधल्या फटींत तेवढे अडकून राहते. तिघांनीही फेस उत्तम होतो. माझा ओढा मात्र डुकराच्या केसांकडे आहे. टणक वडीला राठ केसच नीट भिडतात, आणि वापरत गेल्याने सुधारत जाणाऱ्या वस्तू आपल्या घरांत आता फारशा उरलेल्याही नाहीत.

मगातून काढलेला ब्रश दोनदा झटकावा आणि वडीवर गोल फिरवू लागावे. आधी वर येतात ते मोठाले, विरळ, नुसत्या डोळ्यांनी मोजता येतील असे बुडबुडे, आणि त्यांच्यासोबत एक चुळचुळता आवाज. नवखा माणूस इथेच हात आवरता घेतो: झाला की फेस! पण ही फेसाची नुसती हूल असते. हात तसाच वीस-तीस सेकंद फिरत राहिला की तो आवाज खाली बसतो, बुडबुडे दिसेनासे होतात, ब्रश जड लागू लागतो आणि केसांच्या टोकांवर एक दाट, चिकट लेप चढतो. सगळ्या खुणांत ही कानाने ओळखायची खूण मला विशेष आवडते. साबण पुरेसा चढला की ब्रश गप्प होतो.

या लेपाच्या दाटपणामागे जे रसायन आहे, त्यातही एक सुरेख जुगलबंदी ऐकू येते. तेलातली वा चरबीतली आम्ले आणि क्षार एकत्र आले की साबण होतो, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. अंगाच्या वडीत तो क्षार सोडियमचा असतो, म्हणून ती टणक. दाढीच्या साबणात पोटॅशियमचाही मोठा वाटा असतो, कारण पोटॅशियमचा साबण मऊ आणि पाण्यात चटकन विरघळणारा. तेलांचीही अशीच जोडी जमवलेली असते. खोबरेलातले लॉरिक आम्ल उतावीळ. त्याचा फेस झटकन, मोठा आणि अल्पायुषी. स्टिअरिक आम्ल सावकाश जागे होणारे, पण एकदा जागे झाले की बारीक, घट्ट, टिकाऊ फेस धरणारे. हे स्टिअरिक मिळवायचे तर पूर्वी जनावरांच्या चरबीवर मोठी भिस्त असे, आता पामतेलावर असते; परंतु कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. कोकमाच्या बियांचे जे तेल आपण मुठेल किंवा भिरंडेल म्हणून ओळखतो, थंडीत भेगाळलेल्या टाचांना चोळतो, त्यातल्या मेदाम्लांत निम्म्याहून अधिक हिस्सा याच स्टिअरिकचा असतो, आणि हाताने दाढीचे साबण घडवणारे परदेशातले काही कारागीर ते आवर्जून वापरतात. आपल्याकडे ते टाचेपाशीच थांबले, गालापर्यंत पोचले नाही.

आता पाणी. इथवर झाली ती पूर्वतयारी, खरा रस इथून पुढे. ब्रश वाडग्यात घ्यावा, त्याची केवळ टोके पाण्याला लावावीत, फार तर पाच-सहा थेंब उचलले जातील इतकीच, आणि पुन्हा फिरवू लागावे. लेप सैलावतो, फुगतो, पांढरा होत जातो. लवकरच एक टप्पा असा येतो की वाडगा भरून फेस उभा राहिलेला असतो, शुभ्र आणि निस्तेज, ब्रश वर उचलला की ताठ शिखरे धरणारा. दिसायला याच्याइतका देखणा फेस दुसरा नाही, आणि पुष्कळांचा प्रवास इथेच संपतो. पण तो गालावर लावून मिनिटभर थांबून पाहा: कडेने तो वाळू लागतो, पाते त्यात अडखळते, त्वचा ओढल्यासारखी होते. त्याला अजून पाणी हवे असते, आणि उभा केलेला डोलारा कोसळेल या धास्तीने ते द्यायला आपला हात धजत नाही. तरी द्यावे. थेंब, मग फिरवणे. पुन्हा थेंब, पुन्हा फिरवणे. आणि मग केव्हातरी, नेमके केव्हा ते डोळा लावून बसले तरी सापडत नाही, त्या निस्तेज पांढऱ्यावर एक ओलसर झळाळी चढते. शिखरे अजून उठतात, पण शेंडा किंचित झुकवून. सगळा ऐवज सायीच्या घट्ट दह्यासारखा, स्वतःला सावरून असलेला तरी ओघाला तयार असा दिसू लागतो. हीच ती वेळ. याच्यापुढे आणखी चार थेंब गेले की तोल जातो, बुडबुडे बारीक सरसर करत फुटू लागतात आणि पाण्याचा ओघळ मनगटावरून कोपराकडे निघतो.

झळाळीच्या या क्षणात एवढे काय आहे, असे कोणी विचारील. माझ्या मते फेसाचे सारे मर्म त्यातच आहे. दाढीचे खुंट नरम करते ते पाणी. केसाला दोन-तीन मिनिटे ओलावा मिळाला की तो कापायला कितीतरी कमी जोर लागतो. पात्याला घसरायला वाट देतो तो साबणपाण्याचा निसरडा पातळ थर. दोन्ही कामे पाण्याची आणि साबणाची, हवेचे त्यात काहीच नाही. पण गाल ही उभी जागा. नुसते पाणी तिथे घटकाभरही ठरत नाही, हनुवटीवरून ठिबकून मोकळे होते. बुडबुड्यांवर सोपवलेली कामगिरी एवढीच, की आपल्या लक्षावधी पातळ भिंतींत ते पाणी कोंडून दाढी आटपेपर्यंत त्याला गालावर उभे ठेवायचे. म्हणून फेसाची उंची पाहून भुलू नये, त्याच्या पोटातली ओल पाहावी, आणि ती ओल डोळ्यांना दिसते ती झळाळीच्या रूपाने. डब्याचे बटण दाबून निघणारा फेस वायूच्या जोरावर निमिषात फुगतो, त्याची सोय मी नाकारत नाही; थेंबाथेंबाने पाणी पाजण्याचा हा सगळा सोहळा मात्र त्यात गाळला जातो.

आणि हा रंग! पाणी पारदर्शक, हवा पारदर्शक, साबणाचा एकेक पापुद्राही पारदर्शक. तरी त्यांचा मेळावा शुभ्र. प्रकाश आत शिरतो तो प्रत्येक पापुद्र्याशी थोडा वळतो, थोडा परततो, आणि असंख्य वळणे घेऊन सगळे रंग सारखेच घेऊन बाहेर येतो. फेसाच्या आतली ही वास्तू समजून घेण्यात बेल्जियमच्या जोझेफ प्लातो या शास्त्रज्ञाने आयुष्याची कितीतरी वर्षे घालवली, आणि नवलाची गोष्ट अशी की तेव्हा त्याची दृष्टी गेलेली होती. प्रयोगात दिसे ते इतरांनी पाहायचे, अर्थ त्याने लावायचा. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात त्याने दाखवून दिले, की साबणाचे पापुद्रे एका रेषेत भेटतात ते नेहमी तिघेच, चौघे कधीच नाहीत, आणि भेटताना आपसांत १२० अंशांचा समान कोन राखतात. वाडग्यात विसरलेला फेस हळूहळू कोरडा होऊ लागला, त्यातले पाणी तळाशी उतरू लागले, की गोल बुडबुडे पैलूदार होतात आणि हा नियम उघड्या डोळ्यांना दिसू लागतो.

त्याच वेळी तिथे मत्स्यन्यायही सुरू होतो. लहान बुडबुड्याच्या आतला दाब मोठ्यापेक्षा अधिक, त्यामुळे लहानातली हवा पापुद्र्यातून झिरपत शेजारच्या मोठ्यात जाते. लहान नाहीसा होतो, मोठा आणखी मोठा होतो, आणि बघता बघता मघाचा मऊ फेस जाळीदार, पोकळ होऊन बसतो. ब्रश इतका वेळ का फिरवायचा, याचे उत्तर इथे मिळते. केसांची टोके मोठे बुडबुडे फोडून फोडून सगळ्यांना एका मापाचे करत आणतात, आणि सगळे सारखे असले की कोणी कोणाला सहजी गिळू शकत नाही. (याचा अर्थ दाढीपलीकडे कुठे न्यायचा की नाही, ते वाचकांनी ठरवावे.)

एवढे सगळे जुळून आले तरी पाणी रुसले तर काही चालत नाही. दख्खनच्या पठारावर ज्यांच्या घरी बोअरचे पाणी येते, ज्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, त्यांना हे सांगायला नको. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतात, त्याचा न विरघळणारा साका होतो, आणि फेसाऐवजी वाडग्याच्या कडेला करडी चिकट रेघ उमटते. पाणी उकळून, निववून, वरचे निवळ तेवढे घेतले तर हा जडपणा काही अंशी उतरतो. पण खरी चैन पागोळीच्या पाण्याची. आषाढात कौलांवरून धरलेले ते मृदू पाणी असले की हीच वडी, हाच ब्रश निम्म्या श्रमात फेसाळतात. एरवी मितभाषी असलेली वडी त्या दिवसांत अगदी वाचाळ होते.

पाण्याचे हे माहात्म्य आपल्या परंपरेला साबणाच्या आधीपासून ठाऊक आहे. गावगाड्यातला नाभिक धोकटी उघडून बसे, तेव्हा वाटीतल्या नुसत्या पाण्याने, बोटांच्या पेरांनी, दाढी घोळून घोळून भिजवी आणि मगच वस्तऱ्याला हात घाली. संत सेना महाराजांनी आपल्या व्यवसायावर रचलेल्या अभंगात आरसा विवेकाचा आहे, चिमटा वैराग्याचा आहे, आणि पाणी आहे ते शांतीचे. साबण त्यात नाही. पाण्याला मात्र मानाची जागा आहे. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला कोलंबियाच्या एर्नान्दो तेयेस यांची, १९५० च्या त्यांच्या संग्रहातली, न्हाव्याची कथा उभी आहे. बंडखोरांना गुप्तपणे मदत करणाऱ्या न्हाव्याच्या खुर्चीत बंडखोरांचा कर्दनकाळ कप्तान येऊन बसतो, आणि याला मारावे की नाही या विचाराने आतून पेटलेला तो माणूस साबणाचे काप पेल्यात टाकतो, कोमट पाणी ओततो, ब्रशाने घोटू लागतो. फेस वर येतो. मनात रक्त आणि हातात फेस. तशा घडीलाही त्याचा हात फेसात कसूर करत नाही, आणि कारागिराचे मन ओळखायला मला तेवढा तपशील पुरेसा वाटतो.

गालावर ब्रश चढतो तेव्हा प्रथम त्याने वर्तुळे काढावीत. केस उचलले जातात, फेस त्यांच्या बुडाशी शिरतो, हनुवटीखालचे हट्टी खुंटही बाजूंनी माखले जातात. कोमट फेसाचा तो पहिला स्पर्श कानशिलांपर्यंत पोचला की आपले डोळे नकळत मिटतात. मग ब्रश आडवा धरून वर-खाली सपाट हात फिरवावा, सगळे एकसारखे बसवावे, आणि पाते लावावे. सरळ हात झाला की उलट्या हाताआधी पुन्हा फेस. आणि रसिकाला ठाऊक असते की हा दुसरा फेस पहिल्यापेक्षा नेहमी सरस निघतो. तोवर ब्रशाच्या पोटातले पाणी आणि साबण एकमेकांत पुरते मुरलेले असतात, झळाळी शोधावी लागत नाही, दोन थेंबांत ती आपसूक येते. उलटा हातही आटोपतो, तुरटी फिरते, आणि तरी ब्रश दाबून पाहिला तर तिसऱ्या खेपेला पुरेल इतका फेस आत असतोच. दाढी तेवढी उरलेली नसते. काही जण मग तो नळाखाली धुऊन टाकतात; आपल्यातले काही मात्र इकडेतिकडे पाहून, गुळगुळीत गालांवर तो आणखी एकदा लावून घेतात.