ठिपके किती, अंतर किती?

दूरचित्रवाणी संचाच्या माहितीपत्रकात ठिपक्यांचा आकडा ठळक असतो. बसण्याच्या अंतराचा बहुधा उल्लेखही नसतो. आमचा आक्षेप इथेच आहे. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाहून लहान कोनातले दोन बिंदू सहसा वेगळे दिसत नाहीत. ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद. 'फुल एचडी'त आडव्या ओळीत १९२० ठिपके, म्हणजे एकेक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पावणेदोन मीटरपलीकडे तो सुटा दिसत नाही. मग 'फोर-के'चे ३८४० ठिपके तीन मीटरवरच्या खुर्चीतून पाहणार कोण? दुकानात आपण हातभर अंतरावर उभे असतो, म्हणून भुलतो!

वर्गात करून पाहा. कागदावर एक मिलिमीटर अंतराने दोन बारीक रेघा काढा आणि मागे सरत जा. साडेतीन मीटरच्या आसपास त्या एक होतील.

हा हिशेब करून आम्ही 'फुल एचडी' संच घेतला आणि दुसरीकडे फसलो. दुकानाच्या झगमगाटात काळा रंग तपासायचा राहिला. पडद्यामागचा प्रकाश पुरता अडत नाही, त्यामुळे रात्रीची दृश्ये करडी दिसतात, आणि तीही थेट तीन मीटरवरून.