फेडरला परतीची वाट

थांबवलेलं गाणं मधूनच सुरू केलं की मिक्सरचे सोळाही फेडर एकदम सरकतात. खर्रर्र असा बारीक आवाज होतो आणि प्रत्येक फेडर संगणकातल्या आपापल्या ट्रॅकची पातळी गाठून थांबतो. हे एकदा पाहिलं की जुना डिजिटल मिक्सर भंगारात द्यायला मन धजत नाही.

यामाहाचा ०१व्ही १९९८चा, ०२आर९६ २००२चा, ०१व्ही९६ त्याच्या पुढच्या वर्षीचा. मिक्सिंग संगणकात गेलं तसे हे मिक्सर कोपऱ्यात गेले. त्यांचे कन्व्हर्टर आणि इफेक्ट जुने झाले, हे खरंच. पण ०१व्ही९६चे १०० मिलिमीटरचे मोटरवर चालणारे फेडर बोटाखाली आजही तेवढेच चांगले लागतात. आवाज संगणकात ठेवायचा आणि मिक्सरकडून फक्त हाताचं काम घ्यायचं, एवढीच ही कल्पना.

ती अमलात आणण्याची कला मात्र बरीच वर्षं एका जागी अडकली आहे, असं माझं मत आहे. सगळ्यात मळलेली वाट एचयूआयची. मॅकी आणि डिजिडिझाइन या कंपन्यांनी प्रो टूल्स या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसाठी घडवलेली ही भाषा ०१व्ही९६ आणि ०२आर९६च्या ‘रिमोट’ लेयरला येते. सॉफ्टवेअर दर सेकंदाला एक छोटा मिडी संदेश पाठवून ‘आहेस का?’ असं विचारतं आणि उत्तर आलं नाही की कंट्रोलर तुटला असं धरतं. अडचण वेगळीच आहे. एचयूआयच्या एका पोर्टवर आठच चॅनेल मावतात. सोळा फेडरना दोन पोर्ट लागतात, चोवीसना तीन. ते सगळे एका यूएसबी केबलमधून न्यायला ड्रायव्हर हवा. नव्या संगणकावर तो चालेनासा झाला की उरतं मागचं पाच पिनांचं मिडी सॉकेट, म्हणजे एक पोर्ट आणि आठ जिवंत फेडर. बरेच जण इथेच हात टेकतात.

मला हेच सॉकेट जास्त भरवशाचं वाटतं. १९८३ पासून मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, त्यात बदल नाही. तीन बाइटचा संदेश जायला एक मिलिसेकंदही लागत नाही. ०१व्हीसारखा मिक्सर साधे कंट्रोल चेंज संदेश पाठवतो. त्यांना ० ते १२७ अशा १२८च पायऱ्या, म्हणून लोक नाक मुरडतात. गाण्याचा तोल साधायला तेवढ्या पुरतात. शेवटचा लांब फेड-आउट तेवढा माउसने काढावा.

खरी उणीव आहे ती परतीच्या वाटेची. फेडर हलवला, पडद्यावरचा फेडर हलला, की जोडणी झाली असं मानलं जातं. मग दुसरं गाणं उघडतात. पडद्यावर पातळ्या बदललेल्या असतात, हाताखालचे फेडर मात्र जुन्याच जागी. बोट लावलं की आवाज उडी मारतो. कारण संगणकाकडून मिक्सरकडे येणारी केबल जोडलेली नसते, किंवा सॉफ्टवेअरमध्ये फीडबॅक चालू केलेला नसतो. आर्डर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी पर्याय आहे, आणि कोणता संदेश कशाला लावायचा हे साध्या एक्सएमएल फाइलमध्ये लिहिता येतं. यामाहाने मिडीचे तक्ते मॅन्युअलच्या शेवटी छापले, म्हणून ही फाइल लिहिणं शक्य होतं. अशा तक्त्यांसाठी त्या कंपनीचे आभारच मानायला हवेत.

परतीची वाट जोडली की नवा पेच उभा राहतो. तुम्ही फेडर वर नेत असता आणि सॉफ्टवेअर क्षणभरापूर्वीची पातळी परत पाठवतं. मोटर बोटाला खाली ढकलते आणि फेडर हाताखाली थरथरतो. ०२आर९६च्या फेडरला स्पर्श कळतो, त्यामुळे हात असेपर्यंत मोटर थांबवता येते. ०१व्ही९६च्या फेडरला तो कळत नाही. तिथे हाताकडून संदेश येत असताना परतीचे संदेश रोखून धरावे लागतात, आणि किती वेळ रोखायचे हे बोटालाच विचारावं लागतं. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली, आणि फेडर शांत झाला तेव्हा फार बरं वाटलं.

राहिली नावं. या मिक्सरवर प्रत्येक फेडरखाली वेगळा पडदा नाही. मी पांढरी चिकटपट्टी लावून पेनने लिहितो: डग्गा, तबला, ढोलकी, हार्मोनियम, बासरी, कोरस, आणि आठव्यावर मुख्य गायक. सातवा रिकामा ठेवतो, म्हणजे गायकाचा फेडर न बघता सापडतो. बँक बदलली, म्हणजे तेच फेडर दुसऱ्या ट्रॅकना जोडले, की पट्टीवरची नावं खोटी ठरतात, म्हणून मी बँक बदलतच नाही. उरलेले ट्रॅक आधी ग्रुपमध्ये बांधून घेतो.