'स्वयंस्फूर्त' या शब्दाविषयी

बशीत वाढविलेल्या मेंदूच्या पेशी कोणी न चेतविता विद्युत्स्पंद देऊ लागतात, हे मराठीत सांगावयाचे झाल्यास लेखणी सहजच 'स्वयंस्फूर्त' या शब्दाकडे वळते. शब्द गोड आहे. परंतु तो वस्तुस्थिती सांगण्यापूर्वीच तिच्यावर निकाल देऊन मोकळा होतो, असे आम्हांस वाटते.

उंदराच्या गर्भातील मेंदूच्या पेशी सुट्या करून, सूक्ष्म विद्युदग्रे बसविलेल्या बशीत, ३७ अंश उष्णतेत जोपासतात. काही दिवसांतच त्यांस तंतू फुटतात, परस्परांशी सांधे जुळतात आणि सुमारे एक सहस्रांश सेकंद टिकणारे स्पंद उमटू लागतात. आरंभी ते तुरळक असतात; पुढे काही आठवड्यांनी सारी बशी एकदम खवळते व एकदम निवते. आषाढात शिरढोणच्या भातखाचरांत एक बेडूक ओरडला की सारे शेत ओरडू लागते, आणि कोणी सांगितल्यावाचून गप्पही होते, तसाच हा प्रकार. कारणे गूढ नाहीत. सांध्यांतून रसायनाच्या लहान मात्रा उत्तेजनावाचूनही सुटत असतात, हे फॅट व कॅट्झ यांनी १९५२ साली बेडकाच्याच स्नायूवर दाखविले. उत्तेजक सांध्यांच्या साखळीतून ठिणगी पसरते. साठा सरला की विझते.

आता 'स्फूर्ती' पाहू. हेच शिरढोण वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. त्यांच्या १८७९ च्या बंडास आपण स्फूर्तीचे कृत्य म्हणतो, ते त्यास कारण नव्हते म्हणून नव्हे, तर दुष्काळाने गांजलेली माणसे डोळ्यांनी पाहणाऱ्या पुरुषाच्या अंतःकरणात ते उपजले म्हणून. बशीने काहीच पाहिलेले नाही. किंबहुना, काही न पाहणे हेच तिच्या कल्लोळाचे मूळ असावे! वॅगेनार, पॉटर प्रभृतींनी २००५ साली दाखविले की, अनेक विद्युदग्रांतून उत्तेजन विखरून देत राहिल्यास हे खवळणे मावळते. इतर भागांकडून येणारी वार्ताच तुटल्याने जाळे असे वागत असावे, हा त्यांचा तर्क आम्हांस फार मार्मिक वाटतो. ज्यास आम्ही स्फूर्ती म्हणावयास निघालो, ती उपासमार ठरावयाची!

शब्दांची ही उधळपट्टी केवळ मराठीत होते असे नाही. मेलबर्न येथील मंडळींनी २०२२ साली सुमारे ८ लक्ष पेशींकडून 'पाँग' नामक चेंडूफळीचा खेळ खेळवून घेतला. प्रयोग खरोखर चातुर्याचा. पण निबंधाच्या मथळ्यातच त्यांनी पेशींस 'सेन्टियन्स', म्हणजे संवेदनक्षमता, बहाल केली. व्याख्या पातळ करून घेतली की कोणतेही विशेषण कोणासही लावता येते. पुढल्याच वर्षी त्याच नियतकालिकात अनेक शास्त्रज्ञांनी आक्षेप नोंदविला, तो आम्हांस रास्त वाटतो. जगदीशचंद्र बोस यांनी १९०२ साली आपल्या ग्रंथाच्या नावात निर्जीवांच्याही पदरी 'प्रतिसाद' घातला होता, परंतु तो मोजता येणारा प्रतिसाद होता; वेदना नव्हे.

आमच्या शालेय पुस्तकांतील 'चेतापेशी' या संज्ञेतही हाच दोष आहे. जिचा शोध घ्यावयाचा ती चेतना नावातच बसवून ठेवली, तर विद्यार्थ्याने शोधावयाचे काय? मराठी विश्वकोशाने पत्करलेला 'तंत्रिका' हा शब्द रुक्ष खरा, पण निर्दोष आहे. त्याच न्यायाने 'स्वयंस्फूर्त' ऐवजी आम्ही 'अप्रेरित' सुचवितो: बाहेरून प्रेरणा मिळाली नाही, एवढेच तो सांगतो.

मात्र एके ठिकाणी आमचा हाही शब्द अपुरा पडतो, हे सांगितले पाहिजे. म्यूओत्री यांच्या प्रयोगशाळेत मानवी पेशींपासून कित्येक महिने वाढविलेल्या सूक्ष्म गोळ्यांत लयबद्ध तरंग आढळले, आणि २०१९ साली त्यांची तुलना अकाली जन्मलेल्या बालकांच्या मेंदूतील तरंगांशी करण्यात आली. काही बाबतींत साम्य आढळले. साम्य म्हणजे एकरूपता नव्हे. तथापि अशा गोळ्यास कापताना कोणते नियम पाळावे, हे ठरविण्यास 'अप्रेरित' हा शब्द काहीच साहाय्य करीत नाही.