समूहखेळातील मोजपट्टी : 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधील कामगिरीमापकांची चिकित्सा

ऑनलाइन खेळांविषयी आपल्याकडे होणारी चर्चा बहुधा व्यसनाच्या अंगाने होते. या खेळांच्या आत जी सामूहिक व्यवस्था उभी राहते, तिच्याकडे समीक्षेचे लक्ष क्वचितच जाते. ब्लिझार्ड कंपनीने २००४ साली बाजारात आणलेला 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ या दृष्टीने अभ्यासनीय आहे. त्यातील 'रेड' म्हणजे अनेक खेळाडूंनी मिळून बलाढ्य शत्रूवर केलेली स्वारी. प्रारंभीच्या 'मोल्टन कोअर' या स्वारीत ४० जणांचा गट असे. शत्रूचा मार अंगावर घेणारा तो 'टँक', जखमा भरून काढणारा तो 'हीलर' आणि उर्वरित प्रहार करणारे, अशी त्यात कामाची वाटणी असते.

शत्रू कोणावर चालून जाईल हे 'थ्रेट' नामक आकड्यावर ठरते. परंतु आरंभीच्या काळात हा आकडा खेळाडूंना दिसत नसे. एखाद्याने उत्साहाच्या भरात अधिक मारा केला की शत्रू टँकला सोडून त्याच्याकडे वळे आणि पुष्कळदा सारी स्वारीच कोसळे. खेळाडूंनीच रचलेल्या 'थ्रेट मीटर' या जोडप्रणालीने हा अदृश्य आकडा अंदाजाने पडद्यावर आणला. मार्क चेन यांनी 'लीट नूब्ज' (२०१२) या ग्रंथात अशाच एका गटाचा अभ्यास केला आहे. मीटर हे निव्वळ उपकरण न राहता गटाचाच एक घटक बनते, हे त्यांचे प्रतिपादन ग्राह्य वाटते. हात केव्हा आवरावा, हे प्रत्येकाला त्यामुळे कळू लागले.

'डॅमेज मीटर'ची गोष्ट निराळी आहे. दर सेकंदाला कोणी किती प्रहार केला याची तो उतरत्या क्रमाने यादी लावतो. मोल्टन कोअरमधीलच 'बॅरन गेडन' हा शत्रू एखाद्या खेळाडूवर जिवंत बॉम्ब टाकतो. त्या खेळाडूने स्फोटापूर्वी गटापासून दूर धावत जायचे असते. धावताना मंत्रप्रयोग थांबतो आणि यादीतील क्रमांक घसरतो. जागचा न हलता प्रहार करीत राहणारा सोबत्यांना घेऊन मरेल; तोवर त्याचा आकडा मात्र शोभून दिसेल. इतर नोंदी उपलब्ध नसतात असे नाही. शत्रूचा मंत्र कोणी तोडला, कोण केव्हा मेला, हेही लढाईच्या नोंदवहीत असते. पण वाचणाऱ्याची नजर पहिल्या रकान्यापलीकडे सहसा जात नाही.

पुढे ही मोजपट्टी प्रवेशद्वारावर येऊन बसली. २००९ च्या सुमारास रूढ झालेला 'गिअरस्कोअर' तर कौशल्य मोजतही नव्हता. तो अंगावरच्या शस्त्रसामग्रीची बेरीज करी, तरीही गटात कोणाला घ्यावे याचा निकाल त्यावर लागे. 'वॉरक्राफ्ट लॉग्ज'वर तर खेळाडूच्या शततमकाला रंगच दिलेला आहे : २५ च्या खाली करडा, ७५ पासून जांभळा, ९५ पासून नारिंगी. नोंद नाही म्हणून प्रवेश नाही आणि प्रवेश नाही म्हणून नोंद नाही, या चक्रात नवखा अडकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांतील 'एपीआय' गुणांकनातून गेलेल्या प्राध्यापकवर्गास हा तर्क नवा वाटू नये.

यावर कंपन्यांनी काढलेले उपायही तपासावयास हवेत. लढाईची तत्क्षणीची माहिती जोडप्रणालींना मिळण्यावर मर्यादा घालून खेळातच स्वतःचा मीटर देण्याचे ब्लिझार्डने २०२५ मध्ये जाहीर केले. त्यायोगे काय मोजावे हे ठरविण्याचा अधिकार खेळाडूंकडून मालकाकडे सरकतो, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. 'फायनल फँटसी १४'च्या नियमांत बाहेरील साधनांना बंदीच आहे. तरीही अनेक जण ती गुपचूप वापरतात. आकड्यांचा उच्चार केल्यास कारवाईचे भय असते. परिणामी आकड्यांवरून होणारी हेटाळणी कमी होते हे खरे. परंतु अडखळणाऱ्या नवख्याला त्याचे नेमके कोठे चुकते हे आकडे दाखवून समजावू इच्छिणारा जाणकारही गप्पच राहतो.