झिंझोटी, खरखरीसकट

अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी म्हटलं की लोक लगेच गदगच्या लहानग्या भीमसेन जोशींची गोष्ट सांगायला लागतात. ती रेकॉर्ड ऐकून पोरगं घर सोडून पळालं, ही ती गोष्ट. तिची इतकी पारायणं झालीत की रेकॉर्ड ऐकायची राहूनच जाते.

माझ्याकडची प्रत लातूरला गंजगोलाईच्या आसपास जुन्या सामानात मिळाली. ती तिथवर पोचली याचं नवल वाटायला नको. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ मध्ये लातूरला आली आणि १९२७ पासून ती बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर करत थेट मिरजेपर्यंत जायला लागली. लातूर निजामाच्या राज्यात, मिरज संस्थानात. पण रूळ एकच. खाँसाहेबांचा जन्म उत्तरेतल्या कैरान्याचा, बिऱ्हाड मात्र मिरजेत. तिथल्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे.

तबकडी उजेडाशी तिरकी धरली की वाचता येते. ७८ फेऱ्यांच्या या रेकॉर्डी लाखेच्या, आणि लाखेत दगडाची भुकटी कालवलेली. पोलादी पिन त्या भुकटीवर घासून आपोआप खाचेच्या मापाची व्हावी, हा त्यातला हेतू. दर बाजूला नवी पिन लावायची, असं कंपन्या बजावायच्या. आपल्याकडे एकच पिन महिनोन्महिने चालायची. मग जिथं आवाज जोरात, तिथं खाच पांढुरकी पडते. नाटकी गाण्यांच्या रेकॉर्डींवर असे पांढरे पट्टेच्या पट्टे दिसतात. या झिंझोटीवर मात्र नुसती एकसारखी करडी झाक आहे. आवाज कुठं फेकलाच नसेल तर पिन तरी कुठं चावणार?

रेकॉर्ड लावली की हेच कानाला कळतं. झिंझोटी खमाज थाटातली, पूर्वांगात रमणारी, मंद्राकडे झुकलेली. मंद्र धैवतावरून षड्जाला टेकायचं, रिषभावरून मध्यमाला हात लावून गंधारावर यायचं, एवढ्या अंगणात तिचं सगळं चालतं. खाँसाहेबांचा आवाज मुळात बारीक, वरच्या पट्टीतला, किंचित नाकातून येणारा. असा आवाज खालच्या अंगाच्या रागात शिरतो तेव्हा त्याला जपून उतरावं लागतं, आणि ते जपणंच इथं विरहाचा भाव होतं. ठुमरीची मुख्य ओळ ते पुन्हापुन्हा घेतात, पण कुठल्याच फेरीला आधीच्या फेरीवर कुरघोडी करायची नसते. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट पुसून टाकत नाहीत. मींड इतकी सावकाश की स्वर नेमका कधी बदलला ते बोट ठेवून सांगता येत नाही. व्यंजनं मऊ होत होत जवळजवळ विरघळतात. शब्दांकडे दुर्लक्ष, हा खाँसाहेबांच्या किराणा घराण्यावरचा जुना आरोप. इथं तो मला उलटा दिसतो. हीच ठुमरी सैगलनं ‘देवदास’ चित्रपटात म्हटली आहे. तिथं प्रत्येक शब्दावर एका माणसाचं दुःख आहे, आणि ते सुंदरच आहे. खाँसाहेबांच्या गाण्यात दुःख आहे, माणूस बाजूला झालाय.

वेळ जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. त्या काळच्या कित्येक रेकॉर्डींत आलाप, चीज, तानांचा पाऊस असं सगळं एका बाजूत कोंबलेलं असतं. गवई गाडी चुकेल या भीतीनं गातोय असं वाटतं. इथं दोन ओळींच्या मध्ये श्वास आहे. त्या श्वासात मागची तंबोऱ्याची आस ऐकू येते.

नेमका तिथंच संगणक घोटाळा करतो. अशी रेकॉर्ड डिजिटल करायची म्हणजे आधी कोमट नव्हे, साध्या थंड शुद्ध पाण्यानं धुवायची. स्पिरिट वापरलं तर लाख विरघळते. एल.पी.ची सुई इथं चालत नाही, ती खाचेच्या तळाशी लोळते. ७८ साठी तीन सहस्रांश इंचाची जाड सुई हवी. मग २४ बिटची, ९६ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल घ्यायची. इथवर सगळं हाताचं काम. त्यानंतर सॉफ्टवेअरमध्ये रिकाम्या खाचेची खरखर नमुना म्हणून दाखवायची आणि ‘एवढी काढून टाक’ म्हणायचं. ते इमानानं काढतं. पण तंबोऱ्याच्या जवारीतले वरचे बारीक स्वर आणि लाखेची खरखर शेजारी शेजारीच राहतात. खरखर गेली की जवारीही जाते, श्वासही जातो, आणि उरतो तो पाण्याखालून आल्यासारखा गुळगुळीत आवाज. देवल आणि क्लेमेंट्स या अभ्यासकांसोबत श्रुतींच्या प्रयोगांत बसलेला, तंबोरा स्वतः उघडून दुरुस्त करणारा हा गवई. त्याच्याच मागचा तंबोरा आपण स्वच्छतेच्या नावाखाली पुसायचा, याला काय म्हणावं? मी टचटच आवाज तेवढे एकेक करून काढतो. खरखर राहू देतो.

फिरकीचा प्रश्न त्याहून अवघड. ७८ हा आकडा सगळ्याच कंपन्यांनी, सगळ्याच वर्षी नेमका पाळला असं नाही. मिनिटाला साडेचार-पावणेपाच फेरे जास्त झाले की गाणं अर्ध्या सुरानं वर चढतं, आणि आधीच बारीक असलेला आवाज किनरा होतो. कमी झाले तर खाँसाहेब भारदस्त वाटायला लागतात, आणि गंमत म्हणजे ऐकणाऱ्यांना तेच जास्त आवडतं! मी ७८ वर ठेवतो आणि फेऱ्यांचा आकडा फाइलच्या नावात लिहितो, न पटणाऱ्यानं आपल्या कानानं बदलून घ्यावा म्हणून. नांदेडच्या एका तबलजींनी तो लगेच ७६ केला. तबल्याची चाट त्यांना ७८ वर ताणलेली वाटते, आणि गायकाबद्दल ते काही बोलायलाच तयार नाहीत.