‘एतद्देशीय’ रंग कोणते?

नोनाबा ब्रायन या नॅव्हाहो विणकरणीने सांगितलेल्या रंगाच्या कृती स्टेला यंग यांनी संकलित केल्या आणि ‘नॅव्हाहो नेटिव्ह डाइज’ या नावाने त्या १९४० साली छापल्या गेल्या. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना व न्यू मेक्सिको या भागांतील नॅव्हाहो स्त्रिया रानातील वनस्पतींपासून लोकरीचे सूत कसे रंगवितात, एवढाच या छोट्या पुस्तकाचा विषय. तरीही या विषयावर लिहू जाणारा आजही प्रथम त्याच्याकडेच वळतो. एवढा अधिकार लाभलेल्या पुस्तकाचे गुण मोकळेपणाने मान्य करावेत. त्याच्या नावातील एका शब्दाने मात्र जो घोटाळा करून ठेवला आहे, त्याचीही झडती घ्यावी.

गुण मोठे आहेत. लेखन सुगरणीच्या बोलण्यासारखे आहे: वनस्पती कोणती, ती किती घ्यावी, काढा कसा उकळावा व गाळावा, त्यात खाणीची कच्ची तुरटी केव्हा घालावी, ओली लड केव्हा सोडावी. रॅबिटब्रश नावाच्या रानझुडपाच्या फुलांचा पिवळा, रानअक्रोडाचा तपकिरी, माउंटन महोगनीच्या मुळांचा तांबूस, असे रंग एकामागून एक सिद्ध होत जातात. काळ्या रंगाची कृती तर मुळातूनच वाचावी. सुमाकची पाने व डहाळ्या एकीकडे उकळत ठेवावयाच्या. दुसरीकडे पिवळी गेरूमाती भाजून तीत पिन्यॉन झाडाची राळ घालावयाची आणि धूर सोशीत, काळी पूड होईपर्यंत ती परतावयाची. ही पूड काढ्यात पडली की सुमाकमधील तुरट द्रव्य आणि मातीतील लोह यांचा संयोग होऊन काळा रंग उतरतो. आपल्याकडील छिपे हिरडा आणि गंजलेले लोखंड यांच्या साह्याने नेमके हेच करीत आले आहेत. रसायनशास्त्राचे एकही पान न वाचता दोन खंडांतील माणसे एकाच युक्तीशी पोहोचली, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

आता तो शब्द. ‘नेटिव्ह’ म्हणजे एतद्देशीय. पण एकोणिसाव्या शतकातील ज्या नॅव्हाहो घोंगड्यांची आज सर्वाधिक वाखाणणी होते, त्यांतील रंग पाहा. पांढरा व तपकिरी मेंढीच्या अंगचा. थोडा पिवळा रानातला. निळा मात्र व्यापारातून आलेल्या निळीचा. आणि लाल? तो ‘बायेता’ नावाचे परदेशी लोकरी कापड उसवून, त्याचेच धागे पुन्हा विणून साधलेला. या धाग्यांच्या रासायनिक परीक्षेत, विशेषतः जुन्या तुकड्यांत, लाखेचा रंग आढळला आहे. पुढील काळात निवडुंगावरील कोचिनील किड्याचा. लाख ही आशियाची. ज्या द्रव्याचा अळता आमच्या आज्या पायांना लावीत, त्याच द्रव्याची लाली त्या वाळवंटातील मागावर चढली होती!

१८५६ साली पर्किनने कृत्रिम रंग शोधला. काही दशकांतच तसले रंग नॅव्हाहो प्रदेशातही पोहोचले. वनस्पतिरंगांना नव्याने चालना मिळाली ती १९२० नंतरच्या दशकात, चिनली येथे. बोस्टनच्या मेरी कॅबट व्हीलराइट आणि तेथील व्यापारी मॅकस्पॅरन यांनी विणकरणींना त्यासाठी उत्तेजन दिले. १९३८ नंतर वाइड रुइन्स येथे लिपिनकॉट दांपत्याने तोच मार्ग धरला. म्हणजे आज जी सौम्य, मातकट रंगमाला प्राचीन म्हणून विकली जाते, ती बऱ्याच अंशी विसाव्या शतकाची निर्मिती आहे.

याने ब्रायनबाईंच्या कौशल्याला तिळमात्र उणेपणा येत नाही. माझा आक्षेप ग्राहकाच्या आणि त्याला शहाणे करणाऱ्या रसिक-समीक्षकांच्या दृष्टीवर आहे. बाजारातील तयार लाल सूत वापरणारी विणकरीण परंपरेतून घसरली, असे ते सहज म्हणून जातात. तिच्या पणजीने परक्याचे कापड उसवून लाल रंग मिळविला, ती मात्र अभिजात! हा न्याय कोणता? अशा निवाड्यावर त्या बाईच्या मालाचा भाव ठरतो, म्हणून हा केवळ शब्दांचा वाद नाही.

आणखी एक गोष्ट मनाला बोचते. हे पुस्तक छापले ते अमेरिकन सरकारच्या इंडियन खात्याच्या शिक्षण विभागाने. त्याच खात्याने जमिनीची धूप थांबविण्यासाठी म्हणून १९३३ पासून नॅव्हाहोंचे कळप सक्तीने कमी केले. कित्येक ठिकाणी जनावरे मारून तशीच टाकली. रंग शिकवावा आणि लोकर काढून घ्यावी! लांब धाग्याची, कमी चिकट लोकर देणारी चुरो मेंढी १९७० नंतरच्या दशकात काहीशेच उरली होती. १९७७ पासून तिच्या संवर्धनाचे प्रयत्न सुरू झाले.

पुस्तकाची पुढील आवृत्ती जो कोणी काढील, त्याने कृतींना हात लावू नये. प्रस्तावनेत मात्र निळीची, लाखेची आणि त्या मेंढ्यांची हकीकत चार पानांत द्यावी.