वास्तवाशी उभा दावा

'अ‍ॅट द गेट्स' हा स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरातला डेथ मेटल बँड. १९९५ साली त्यांनी 'स्लॉटर ऑफ द सोल' हा अल्बम काढला, १९९६ मध्ये बँड मोडला, आणि पुढचा अल्बम यायला २०१४ चा ऑक्टोबर उजाडला. खान्देशातल्या वाचकाला एवढ्या खंडाचं फार नवल वाटू नये. यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची 'झूल' १९७९ ची आणि त्यानंतरची कादंबरी 'हिंदू' थेट २०१० ची. इतकी वर्षं वाट पाहिलेला वाचक पुस्तक हातात घेतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे नेमाड्यांची जुनी 'कोसला' असते. नवं पान उलटताना तो जुन्या पानाशी ताडून पाहतो. 'अ‍ॅट वॉर विथ रिअ‍ॅलिटी' या २०१४ च्या अल्बमचंही तसंच झालं. 'चांगला आहे, पण पहिल्यासारखा नाही' एवढ्यावर बऱ्याच जणांनी तो मिटवला. माझ्या मते पहिल्यासारखा नाही हीच त्याची जमेची बाजू आहे.

'पहिल्यासारखा' म्हणजे कसा, ते आधी सांगायला हवं. 'स्लॉटर ऑफ द सोल' जेमतेम चौतीस मिनिटांचा. गाणी छोटी, एकही सूर जास्तीचा नाही. तेव्हा स्वीडनमध्ये या संगीताची दोन घराणी होती म्हणायला हरकत नाही. स्टॉकहोमच्या 'एन्टूम्ड', 'डिसमेम्बर' या मंडळींचं गिटार करवतीसारखं खरखरायचं. बॉस कंपनीच्या एचएम-टू नावाच्या छोट्या पेडलवरची सगळी बटणं टोकाला फिरवली की तो आवाज निघतो. गोथेनबर्गवाल्यांचा ओढा सुरावटीकडे. 'इन फ्लेम्स', 'डार्क ट्रँक्विलिटी' आणि 'अ‍ॅट द गेट्स' ही त्याच गावची पोरं. दोन गिटारं जोडीनं एकच धून वेगवेगळ्या उंचीवर वाजवत जातात, आणि ती धून खाली उतरताना हमखास उदास करते. आपल्या आसावरी थाटाचे जे स्वर तेच पाश्चात्त्यांच्या नॅचरल मायनरचे, आणि या बँडचा मुक्काम बराचसा त्याच स्वरांत. त्यामुळे शास्त्रीय किंवा नाट्यसंगीत ऐकून तयार झालेल्या कानाला इथं परकं वाटतं ते गाणाऱ्याचं ओरडणं. गिटारची धून ओळखीचीच निघते. १९९५ च्या त्या चौतीस मिनिटांचा अमेरिकेतल्या पोरांनी इतका कित्ता गिरवला की पुढे 'मेटलकोअर' नावाची शाखा बरीचशी त्याच रिफांवर, म्हणजे गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यांवर, पोसली गेली.

तो अल्बम काढला तेव्हा ही मंडळी विशीतली. गायक टोमास लिंडबर्ग, गिटारवर अँडर्स ब्यॉर्लर आणि मार्टिन लार्सन, बेसवर अँडर्सचा जुळा भाऊ योनास, ड्रमवर एड्रियन एर्लँडसन. अँडर्स बाहेर पडला आणि बँड संपला. २००८ मध्ये पाचही जण मैफलींपुरते एकत्र आले, पण हा निरोपाचा दौरा आहे, नवा अल्बम होणार नाही, असं तेव्हा सांगून मोकळे झाले होते. सहा वर्षांनी तेच पाच जण 'स्लॉटर' जिथं झाला त्याच स्टुडिओ फ्रेडमनमध्ये शिरले. माणसं तीच आणि स्टुडिओही तोच म्हटल्यावर जुनंच पुन्हा वाजवण्याचा मोह केवढा असेल! पुनरागमनाच्या अल्बमांत बहुधा तेच होतं: चाळिशीतली माणसं विशीतल्यासारखी रागावतात, आणि ऐकणारा त्यांच्यापेक्षा जास्त अवघडतो.

इथं सुरुवातीलाच रस्ता बदलतो. पहिला ट्रॅक गाण्याचा नाहीच. एक माणूस स्पॅनिशमध्ये काळोखाच्या देवांना उद्देशून बोलतो, एवढंच. स्वीडनच्या बँडला स्पॅनिश कशाला? कारण लिंडबर्गनं अख्खा अल्बम दक्षिण अमेरिकेच्या साहित्यावर उभा केला आहे. 'द सर्क्युलर रुइन्स' आणि 'द बुक ऑफ सँड' ही नावं अर्जेंटिनाचा लेखक बोर्हेस याच्या कथांची. 'हीरोज अँड टूम्स' ही एर्नेस्टो साबातोची १९६१ ची कादंबरी, आणि 'द कॉन्स्पिरसी ऑफ द ब्लाइंड' हे गाणं त्याच कादंबरीतल्या आंधळ्यांवरच्या प्रकरणातून आलेलं. 'सिटी ऑफ मिरर्स' म्हणजे मार्केसचं माकोंदो, 'शंभर वर्षांचा एकांत' या त्याच्या कादंबरीच्या अखेरीस वाऱ्यानं पुसलं जाणारं आरशांचं गाव.

'आम्ही मोठमोठी पुस्तकं वाचतो' असं दाखवण्याची मेटलवाल्यांना खोडच आहे. या अल्बममध्ये मात्र निवड नेमकी झाली आहे. बोर्हेसच्या 'वर्तुळाकार अवशेषां'त एक माणूस जळक्या देवळात येऊन झोपतो आणि स्वप्नात दुसरा माणूस घडवतो. घडवून जगात पाठवतो. शेवटी देवळाला आग लागते, ज्वाळा त्याला चाटतात पण जाळत नाहीत, आणि त्याला कळतं की आपणही कुणाच्या तरी स्वप्नातलेच. आता एकोणीस वर्षांनी परतलेल्या बँडची गोष्ट बघा. यांना स्टेजवर पाहायला येणारे हजारो लोक त्या चौतीस मिनिटांच्या अल्बमवर वाढलेले. त्यांनी मनात एक 'अ‍ॅट द गेट्स' घडवून ठेवलेला. हाडामांसाच्या पाच जणांनी त्या स्वप्नाबरहुकूम वागायचं, अशी अपेक्षा. हे गाणं मला म्हणूनच अल्बमचं मर्मस्थान वाटतं, जरी सुरावटीच्या बाबतीत ते सर्वांत देखणं नाही.

'वाळूच्या पुस्तका'चंही तेच. त्या कथेतल्या पुस्तकाला पहिलं पान नाही, शेवटचं नाही. एकदा मिटलेलं पान पुन्हा सापडत नाही. घेणारा त्या पुस्तकाच्या इतका आहारी जातो की अखेर घाबरून ते राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळघरात, नऊ लाख पुस्तकांच्या गर्दीत हरवून टाकतो. बोर्हेस स्वतः अर्जेंटिनाच्या त्या ग्रंथालयाचा संचालक झाला १९५५ साली, आणि साधारण त्याच सुमारास त्याची वाचण्यापुरतीही दृष्टी उरली नव्हती. साबातोच्या कादंबरीतल्या निवेदकाचा तर पक्का समज की जगावर आंधळ्यांच्या गुप्त पंथाची सत्ता चालते. 'स्लॉटर ऑफ द सोल'चं पहिलं गाणं 'ब्लाइंडेड बाय फिअर', म्हणजे तिथंही आंधळेपणाच. तेव्हा भीतीनं डोळे मिटले होते. इथं उघड्या डोळ्यांना दिसतं त्यावरचाच भरवसा उडालेला आहे. तेवीस वर्षांच्या मुलाला जग वाईट वाटतं. बेचाळिशीच्या माणसाला जग आहे की नाही इथपासून शंका.

जी. ए. कुलकर्णींचा वाचक या भूलभुलैयात बिचकणार नाही. 'रमलखुणा'तली 'इस्किलार' किंवा 'पिंगळावेळ'मधली 'स्वामी' ज्यानं रात्री एकट्यानं वाचली आहे, त्याला या गाण्यांचं हवामान ओळखीचं आहे: बंद वास्तू, परतीची वाट नाही, आणि कोणीतरी आधीच सगळं ठरवून ठेवलेलं.

शेजारच्या अण्णांनी एकदा हा अल्बम भिंतीपलीकडून ऐकला. त्यांनी विचारलं, "भाऊ, हा बाबा एवढा खेकसतोय कोणावर?" प्रश्न अगदी रास्त आहे. डेथ मेटल म्हटलं की पोटातून येणारी जाड डरकाळी आठवते. लिंडबर्गचं तसं नाही. त्याचा आवाज वरच्या पट्टीत, घशात फाटलेला, ओरडून ओरडून बसलेल्या माणसाचा. १९९५ मध्ये त्याला धार होती. २०१४ मध्ये तो जाडावला आहे, शब्दाच्या शेवटी श्वास ऐकू येतो, आणि चढ्या ओळीला तो ताणण्याऐवजी तोडून टाकतो. तंत्र म्हणून हा उणेपणाच. अर्थाच्या दृष्टीनं मात्र तो कामी आला आहे, कारण इथं बोलणारा माणूस थकलेला असणं गरजेचं होतं. वर हा फाटका आवाज आणि खाली रडवेली, गोड म्हणावी अशी गिटारची धून: हा बेबनाव ज्याला खटकतो त्यानं आपल्याच फैजपूरला जन्मलेले मर्ढेकर आठवावेत. 'काही कविता'त (१९४७) त्यांनी अभंग-ओवीच्या ओळखीच्या चालीत यंत्रयुगातली किळस बसवली तेव्हा लोकांना धक्का बसला तो चाल आणि आशय यांच्या भांडणाचाच, आणि प्रकरण अश्लीलतेच्या खटल्यापर्यंत गेलं.

ड्रमबद्दल लिहायचं तर माझ्यासारख्या जळगावातल्या पिंप्राळ्याच्या माणसाला दूर जायला नको. आमच्याकडे आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो. दोर ओढणारे शेकडो, त्यांचा जोर सगळ्यांना दिसतो. पण रथ वळतो, थांबतो, सांभाळला जातो तो चाकाखाली मोगरी लावणाऱ्यांमुळे. ते चाकाच्या अगदी बाजूनं वाकून चालतात, आणि वळणावर नेमक्या क्षणी लाकूड चाकाखाली सरकवतात. क्षण चुकला तर रथ घरावर जाईल. एर्लँडसनचं काम मोगरीवाल्याचं आहे. गिटारं एकच रिफ ओढत असतात, आणि तो मध्येच आपली पळती चाल निम्म्यावर आणतो. रिफ तीच, पण आता ती धावत नाही, अंत्ययात्रेसारखी चालते. पुन्हा दोन झटके स्नेअरवर, आणि सगळं परत सुसाट. या अल्बममध्ये अशी वळणं जागोजागी आहेत. ताकदीनं बडवणारे ड्रमर मेटलमध्ये पैशाला पासरी मिळतात. वळणावर लाकूड टाकणारे फार नाहीत.

सर्वांत जास्त वेळा मी परत लावतो ते 'हीरोज अँड टूम्स'. वेग मध्यम आहे, त्यामुळे ब्यॉर्लर-लार्सन जोडीची सुरावट श्वास घेते. कडव्यात गिटार जवळजवळ शब्दांच्या मागे उभं राहतं आणि ध्रुवपदाशी येताच वर चढतं. लिंडबर्ग तिथं ओरडतो खरा, पण गाण्याचं दुःख गिटार सांगतं. त्या चार-साडेचार मिनिटांत १९९५ चा बँड कुठंही दिसत नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही. अल्बमचं शेवटचं 'द नाइट इटर्नल' सहा मिनिटांच्या वर जातं. या बँडनं पूर्वी एवढं मोठं गाणं शेवटाला ठेवायचं धाडस 'स्लॉटर'च्या वेळी केलं नव्हतं. त्यात घाई नाही. धून उलगडते, पुन्हा तीच येते, आणि प्रत्येक वेळी तिच्यावर आणखी एक थर चढतो.

दोष आहेत. तेरा ट्रॅक म्हणजे दोन-तीन जास्तच. 'द हेड ऑफ द हायड्रा'च्या आसपास अल्बम जरा रेंगाळतो, आणि 'सिटी ऑफ मिरर्स' हा बिनशब्दांचा छोटा तुकडा छान असूनही दोन गाण्यांमधला नुसता ओटा होऊन बसतो. माकोंदोसारखं गाव हाताशी असताना तिथं खरं तर एक पूर्ण गाणं हवं होतं. मिक्सिंग येन्स बोग्रेनचं: स्वच्छ, प्रत्येक वाद्य वेगळं, कुठं धूळ नाही. जुन्या अल्बममधली ती किंचित पिसाळलेली धुसफुस मला इथं हवी होती. वाळू आणि भग्न देवळं यांची गाणी इतकी धुतल्या तांदळासारखी असू नयेत.

असा बँड स्वीडनमध्येच का उभा राहतो, हेही जाता जाता सांगतो. तिथं नगरपालिकांच्या संगीतशाळांत पोरांना स्वस्तात वाद्य शिकता येतं, आणि लोकशिक्षणाच्या मंडळांकडून सरावाला खोल्या मिळतात. एक कोटीच्या आसपास वस्तीच्या देशातून एवढे बँड जगभर गेले त्याचं मोठं कारण ही साधी सोय. जळगावात गिटार वाजवणारी पोरं कमी नाहीत. ड्रम लावून तासभर वाजवता येईल आणि शेजारी भांडायला येणार नाहीत अशी जागा मात्र शोधावी लागते.

'अ‍ॅट वॉर विथ रिअ‍ॅलिटी'नंतर बँडनं २०१८ मध्ये 'टु ड्रिंक फ्रॉम द नाइट इटसेल्फ' आणि २०२१ मध्ये 'द नाइटमेअर ऑफ बीइंग' काढले. दोन्ही अँडर्स ब्यॉर्लरशिवाय झाले. दुसऱ्यात त्यांनी निराशावादी तत्त्वज्ञानाची वाट धरली. दोन्ही ऐकण्याजोगे आहेत आणि दोन्हींची वाट २०१४ नं मोकळी केलेली आहे. त्या वर्षी त्यांनी 'स्लॉटर'ची दुसरी आवृत्ती काढली असती तर लोक खूश झाले असते आणि बँड तिथंच थांबला असता. टोमास लिंडबर्ग १६ सप्टेंबर २०२५ रोजी कर्करोगानं गेला, बावन्नाव्या वर्षी.

ज्यांनी हे संगीत कधीच ऐकलेलं नाही त्यांनी 'हीरोज अँड टूम्स'पासून सुरुवात करावी, तीही हेडफोन लावून आणि गाण्याचे शब्द समोर ठेवून, कारण शब्द कानाला कळणार नाहीत. ते पटलं तर 'द सर्क्युलर रुइन्स', आणि त्याआधी बोर्हेसची मूळ कथा. पाच-सहा पानांचीच आहे. १९९५ चा अल्बम सगळ्यांत शेवटी ऐका.